कोकण किनाऱ्यावरील पाण्याची ऋतुवार आणि ठिकाणवार नोंद कशी ठेवावी

रत्नागिरीच्या भाट्ये पुलावरून भरती पुरी झाल्यावर पाणी काढले आणि त्याच पुलावरून सहा तासांनी पुन्हा काढले, तर ठिकाण एकच असूनही दोन्ही बाटल्यांतले पाणी वेगळे असते. पहिल्या वेळी पुलाखाली समुद्र आत आलेला असतो, दुसऱ्या वेळी काजळी नदी बाहेर निघालेली असते. आता एखाद्याने जानेवारीत भरतीचे आणि ऑगस्टमध्ये ओहोटीचे पाणी तपासले व पावसाळ्यात पाण्याचा दर्जा घसरतो असे अहवालात लिहिले, तर त्या विधानात ऋतूचा वाटा किती आणि ओहोटीचा किती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कोकणातील महाविद्यालये, मच्छीमार सहकारी संस्था आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती स्वतःची नोंद ठेवण्याच्या तयारीत असतात, तेव्हा उपकरणांच्या यादीआधी एक अट त्यांनी ठरवून घ्यावी: ज्या आकड्याशेजारी भरती-ओहोटीची अवस्था आणि पाण्याची क्षारता लिहिलेली नाही, तो आकडा दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी ताडून पाहायचा नाही.

दिवस तिथीवरून ठरवावा

दर महिन्याच्या पाच तारखेला किंवा पहिल्या सोमवारी नमुने घ्यायचे, असे वेळापत्रक कार्यालयाला सोयीचे असते, खाडीला नसते. भरतीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पाच तारखेला सकाळी दहा वाजता कधी भरती लागलेली असेल, कधी ओहोटी संपत आलेली असेल. घड्याळाची वेळही सोडून चालत नाही, कारण दिवसभरात वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, प्राणवायू तयार करतात आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात. पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त, असा विरघळलेल्या प्राणवायूचा रोजचा चढउतार असतो. म्हणजे भरतीची अवस्था आणि घड्याळातली वेळ या दोन्ही गोष्टी दर महिन्याला सारख्याच मिळायला हव्यात.

त्या दोन्ही एकत्र मिळतात त्या तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावर सर्वांना पाठ आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबईच्या वेळेला जवळ जातो. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे येत असल्यामुळे रत्नागिरी, मालवणकडे वेळ थोडी अलीकडे येते. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून आपल्या जवळच्या बंदरासाठी काढावी. पाऊणपटीचा उपयोग वर्षाचे वेळापत्रक आखण्यापुरता करावा.

माझ्या मते दर महिन्याची वद्य अष्टमी किंवा नवमी हा मूळ दिवस धरणे सर्वांत सोयीचे. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे पाण्याची ये-जा कमी असते, आत आलेले सांडपाणी खाडीत अधिक काळ रेंगाळते आणि वरचे-खालचे पाणी कमी मिसळते. खाडीची पडती बाजू त्या दिवशी स्पष्ट दिसते. शिवाय ओहोटी भर दिवसा येते, त्यामुळे उजेड मिळतो. उधाणाच्या दिवसांचे चित्र निराळे असते. मुंबईकडे उधाणाचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे तो साधारण त्याच्या निम्म्यावर येतो, पण दोन्हीकडे तळाचा गाळ उसळतो आणि गढूळपणाचे आकडे भांगापेक्षा बरेच चढे येतात. म्हणून वर्षातून दोनदा तरी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाचाही एक फेरा घ्यावा व तो वेगळ्या रकान्यात ठेवावा. अधिक मास आला की वर्षात एक फेरा वाढतो. तो वगळू नये.

खाडी लांब असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ओहोटीचा शेवट मुखाशी आधी येतो आणि आत वरच्या अंगाला उशिरा. म्हणून फेरी मुखापासून सुरू करून वरच्या दिशेने जावे, म्हणजे सर्व ठिकाणी साधारण एकच अवस्था हाती लागते. उलट दिशेने आलात तर वरच्या टोकाला अजून पाणी उतरत असते आणि मुखाशी पोहोचेपर्यंत भरती लागलेली असते.

ठिकाणे

एका खाडीसाठी पाच-सहा ठिकाणे पुरतात, ती वाढवण्यापेक्षा टिकवणे अवघड असते. वाशिष्ठीचे उदाहरण घ्यावे. वरचे टोक चिपळूणजवळ गोवळकोटला, जिथवर भरती पोहोचते; मग मधल्या खाडीत दोन ठिकाणे; एक दाभोळ आणि अंजनवेल यांच्या दरम्यान मुखाशी; आणि मुखाबाहेर उघड्या समुद्रात निदान दोन. यांखेरीज भरतीच्या हद्दीच्या वर, निव्वळ गोड्या पाण्याचे एक ठिकाण हवेच, कारण नदीने काय आणले हे त्याशिवाय कळत नाही. औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जिथे सोडले जाते तिथे नेमके नळाच्या तोंडाशी पाणी घेऊन काही साधत नाही. वरच्या आणि खालच्या अंगाला पुरेसे अंतर ठेवून एकेक ठिकाण धरावे.

वाशिष्ठीची एक खोड इथेच सांगितली पाहिजे. कोयना प्रकल्पाचे अवजल वीजनिर्मितीनंतर याच नदीत येते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या इतर नद्या आटलेल्या असताना वाशिष्ठीत गोडे पाणी वाहत असते आणि वीजनिर्मिती कमी-जास्त होईल तसे तेही कमी-जास्त होते. उन्हाळ्यात खाडी आतपर्यंत खारट होते हे मुचकुंदी किंवा गड नदीबाबत धरून चालता येईल, वाशिष्ठीबाबत नाही. तुलनेसाठी दुसरी खाडी निवडताना हे लक्षात ठेवावे. काठी मोठी औद्योगिक वसाहत नाही एवढ्यावरून मुचकुंदीची पूर्णगडची खाडी वाशिष्ठीच्या दाभोळच्या खाडीची जोडीदार ठरत नाही. तुलना करायची ती सारख्या क्षारतेच्या पाण्यांची.

मुखाबाहेरची ठिकाणे निवडताना किनाऱ्यालगतच्या प्रवाहाचा विचार करावा. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो. त्यामुळे खाडीतून निघालेले पाणी ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये एकाच बाजूला जाईल असे नाही. मुखाच्या फक्त एका अंगाला ठिकाण ठेवले, तर अर्धे वर्ष तेथे खाडीचा परिणाम दिसेल आणि अर्धे वर्ष दिसणार नाही, आणि नोंदवही मात्र पाणी सुधारले असे सांगेल. दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीवर एकेक ठिकाण ठेवावे.

ठिकाणांची अक्षांश-रेखांशासह नोंद करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. मुखाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो आणि मागच्या वर्षीचे पाच मीटर खोलीचे ठिकाण यंदा दीड मीटरवर आलेले असते. खोली प्रत्येक वेळी मोजून लिहावी आणि वाहत्या पाण्याचा मार्ग कुठून आहे ते तांडेलाला विचारावे.

पावसाळ्याची अडचण

नोंदी नेमक्या जिथे हव्यात तिथेच तुटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि उघड्या समुद्रात जाणे धोक्याचे असते. बहुतेक अहवालांत पावसाळी नमुना म्हणून जे छापलेले असते ते सप्टेंबरच्या अखेरचे पाणी असते. तोवर खाडीत जे घडायचे ते घडून गेलेले असते.

उघड्या समुद्राचा हट्ट या दोन महिन्यांत सोडावा. खाडीचा सोडू नये. पूल, जेटी आणि फेरीबोट या तीन जागांवरून पावसाळाभर पाणी घेता येते. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी या फेऱ्या खाडीच्या मधोमध जातात. हवामान बरे असेल त्या दिवशी चालकाशी बोलून मध्यधारेतला नमुना घेणे त्यांतून शक्य होते. जेटीवरून घेताना जेटीच्या आडोशाला साचलेले पाणी टाळून धारेच्या बाजूचे घ्यावे.

पावसाळ्यात मासिक फेऱ्याखेरीज पहिल्या मोठ्या पावसाची वेगळी फेरी काढावी. आठ महिने जमिनीवर, गटारांत आणि ओढ्यांत जमलेले सगळे त्या दोन-तीन दिवसांत खाडीत उतरते. अमोनिया, फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) आणि गढूळपणा यांचे वर्षातले सर्वांत चढे आकडे पुष्कळदा तेव्हाच मिळतात. जुलैच्या मध्याला पाऊस लागून राहिला की पाणी गढूळच असते, पण विरळ झालेले असते. हे दोन्ही पावसाळी नमुने असले तरी त्यांची सरासरी काढू नये.

याच काळात वरचे आणि खालचे पाणी वेगळे पडते. नदीचे हलके गोडे पाणी वरून बाहेर जात असते आणि त्याच वेळी जड खारे पाणी तळाने आत शिरलेले असते. नुसते पृष्ठभागाचे पाणी घेतले तर खाडी पूर्ण गोडी झाली असे वाटेल, आणि तळातल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या आणि कालवे कशी जगली याचा उलगडा होणार नाही. पावसाळ्यात प्रत्येक ठिकाणी वरचा व तळाचा असे दोन नमुने घ्यावेत.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, समुद्राच्या बाजूचे तळाचे पाणी तितक्याच काळजीने पाहावे. पश्चिम किनाऱ्यावर मान्सूनमध्ये खोल समुद्रातले थंड, कमी प्राणवायूचे पाणी उथळ भागाकडे वर सरकते. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून जे निरीक्षण करत आली आहे, त्यात हा प्राणवायूचा अभाव पावसाळ्याच्या अखेरीस ठळक दिसतो. ऑक्टोबरमध्ये तळाशी प्राणवायू कमी आढळला तर लगेच सांडपाण्याकडे बोट दाखवू नये. त्या पाण्याचे तापमान आणि क्षारता पाहावी. ते वरच्या पाण्यापेक्षा थंड आणि पुरेसे खारट असेल, तर ते बाहेरून आलेले असण्याची शक्यता मोठी असते.

नमुना घेताना

सकाळी मतलई वारा असेतो निघावे. खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि बाटल्या भरणे कठीण होते. होडीचे नाक प्रवाहाकडे ठेवून पुढच्या बाजूने पाणी घ्यावे, म्हणजे इंजिनाचा धूर आणि तळातले तेलकट पाणी त्यात येत नाही. वरचा नमुना पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवरचा, तळाचा नमुना तळापासून एक मीटर वरचा. त्याहून खाली गेलात तर गाळ उसळून सर्व आकडे बिघडतात. तळाच्या पाण्यासाठी दोन्ही तोंडांनी बंद होणारी निस्किन बाटली लागते, दोरीला बांधलेली बादली चालत नाही.

प्रत्येक बाटलीचा क्रम ठरलेला असावा आणि पहिली बाटली प्राणवायूचीच असावी. निस्किनच्या नळीचे टोक काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून पाणी सावकाश सोडावे, बाटली भरून दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्यावे, एकही बुडबुडा राहू देऊ नये. मग मँगनस सल्फेट आणि आम्लारी आयोडाइड पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडून बूच लावावे आणि बाटली उलटीपालटी करावी. चांगल्या पाण्यात लगेच तपकिरी साका धरतो आणि ढगासारखा हळूहळू खाली बसू लागतो. प्राणवायू जितका कमी तितका त्याचा रंग फिका, आणि तो पांढराच राहिला तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. प्रयोगशाळेत आम्ल घातल्यावर साका विरघळून पाणी आयोडिनच्या पिवळ्या-तांबूस रंगाचे होते, थायोसल्फेटने ते फिके गवती होईपर्यंत आणायचे, मग स्टार्च घालून निळा रंग नाहीसा होईपर्यंत थेंबथेंब सोडायचे. ही विंक्लर पद्धत १८८८ ची आहे आणि चांगल्या मीटरची सचोटी आजही तिच्यावरच पारखावी. सांडपाणी मिसळलेल्या खाडीत नायट्राइटमुळे आकडा चुकीचा वाढतो, म्हणून तेथे आयोडाइडमध्ये सोडियम अझाइड घातलेली सुधारित कृती वापरावी. अझाइड विषारी आहे, ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

पोषकद्रव्यांच्या बाटल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवाव्यात. कपड्याच्या साबणपावडरीने धुतलेली बाटली फॉस्फेटचा आकडा बिघडवू शकते, आणि हा दोष इतका साधा आहे की कोणी शोधत नाही. पाणी गाळून बर्फात ठेवावे. अमोनिया त्याच दिवशी तपासावा. नायट्रेट व फॉस्फेटचे पाणी उणे २० अंशांवर गोठवता येते, सिलिकेटचे मात्र गोठवू नये आणि काचेतही ठेवू नये. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली वेगळी, अंधारात आणि बर्फात, सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत. हरितद्रव्यासाठी गाळणकागद अंधुक उजेडात गाळून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा.

पाण्याची पारदर्शकता सेक्की तबकडीने, म्हणजे दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात सोडायच्या पांढऱ्या तबकडीने, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने पाहावी. ही तबकडी कोणत्याही वर्कशॉपमध्ये पांढरा रंग लावून बनते. स्वस्त म्हणून ती टाळू नये.

काय मोजावे आणि कशाशी ताडावे

तापमान, क्षारता, पीएच, प्राणवायू, गढूळपणा आणि पारदर्शकता एवढे सहा दर फेरीला व्हायलाच हवेत. क्षारतेसाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर खाडीत चालतो, पण समुद्राच्या ठिकाणी ३४ आणि ३५ यांतला फरक दाखवायला त्याचा उपयोग नाही. तेथे विद्युतवाहकतेवर चालणारे यंत्र लागते. पोषकद्रव्ये, हरितद्रव्य, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) आणि कोलिफॉर्म यांसाठी जवळच्या प्रयोगशाळेशी बोलून ठेवावे. रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र ही दोन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ठिकाणे आहेत. डायक्रोमेटने होणारी सीओडी (रासायनिक प्राणवायू मागणीची) चाचणी समुद्राच्या पाण्यावर करू नये. त्यातील क्लोराइडमुळे आकडा फुगतो आणि त्यावरून विनाकारण ओरड होते.

केंद्रीय मानकांत किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग आहेत. मीठागरे, शिंपल्यांची पैदास आणि संवेदनशील क्षेत्रे पहिल्या वर्गात; आंघोळ, पाण्यातले खेळ आणि व्यापारी मासेमारी दुसऱ्यात. दुसऱ्या वर्गासाठी पीएच ६.५ ते ८.५, प्राणवायू दर लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात मावेल तेवढ्या प्राणवायूच्या) ५० टक्के यांतला जो जास्त तो, २७ अंशांवरची तीन दिवसांची बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत, गढूळपणा ३० एनटीयूपर्यंत आणि फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत अशा मर्यादा आहेत. तिसऱ्या, बंदराच्या आणि जलवाहतुकीच्या वर्गांचे निकष सैल आहेत. आपली खाडी कोणत्या वर्गाची हे आधी ठरवावे, नाहीतर एकच आकडा एका गावात नापास आणि दुसऱ्या गावात उत्तीर्ण ठरतो.

आकडे मांडताना

प्राणवायूचा आकडा संपृक्ततेच्या टक्क्यांतही लिहावा. मे महिन्यात समुद्राचे पाणी ३० अंश आणि क्षारता ३५ असताना त्यात लिटरला साधारण ६.२ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. ऑगस्टमध्ये २७ अंशांच्या गोड्या पाण्यात जवळपास ८ मावतो. दोन्हीकडे ६.० मोजला गेला, तर पहिले पाणी ९७ टक्के भरलेले आहे आणि दुसरे ७५ टक्के. मिलिग्रॅममध्ये पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

पोषकद्रव्यांसाठी सर्वांत उपयोगी मांडणी अगदी सोपी आहे. आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर नायट्रेट घेऊन त्या दिवशीची सर्व ठिकाणे आलेखावर टिंबांनी दाखवावीत. समजा, नदीच्या गोड्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४० मायक्रोमोल आहे आणि ३५ क्षारतेच्या समुद्रात २. निव्वळ मिसळण झाली असेल तर मधली सर्व टिंबे या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतील आणि १७.५ क्षारतेला २१ मायक्रोमोल मिळेल. तेथे ३५ मिळाले तर वाटेत कोणीतरी भर घालत आहे. ८ मिळाले तर प्लवक किंवा खाजणातला गाळ ते खर्ची घालत आहे. ऋतुवार सरासऱ्यांच्या कोष्टकात भर आणि मिसळण एकमेकांत दडतात. आलेखावर त्या वेगळ्या होतात. सिलिकेट बहुतांशी नदीतूनच येते, त्याचा आलेखही सोबत काढला तर नदीच्या पाण्याचा वाटा आणि गावाच्या सांडपाण्याचा वाटा यांचा अंदाज बांधता येतो.

एककाबाबत कडक राहावे. नायट्रेट-नायट्रोजनचा १ मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेटचे ४.४३ मिलिग्रॅम, म्हणजे ७१.४ मायक्रोमोल, दोन प्रयोगशाळांच्या अहवालांत चौपट फरक दिसला तर आधी एकक तपासावे, मग खाडी. मापनमर्यादेखालचा आकडा शून्य म्हणून लिहू नये, मर्यादा लिहून तिच्यापेक्षा कमी अशी खूण करावी. दर फेरीला एका ठिकाणी दोन बाटल्या भराव्यात, त्यांतला फरक हाच आपल्या हाताचा दोष असतो आणि त्याहून लहान बदलाला ऋतुबदल म्हणू नये.

उपग्रहाची चित्रे गढूळपणाचा पसारा दाखवायला चांगली. सेंटिनेल-२ ची चित्रे मोफत मिळतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे ती फारशी कामाची नसतात.

पाण्याचा रंग बदलला किंवा मासे मेले तर

फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान समुद्रावर भुशासारखे केशरी-पिवळे पट्टे दिसतात ते बहुधा ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म प्लवकाचे, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला रात्री लाटा निळ्या चमकतात त्या नॉक्टिल्युका या दुसऱ्या प्लवकामुळे. दोन्ही वेळा एक बाटली साधी आणि एक लुगॉल आयोडिन (प्लवक टिकवणारे द्रावण) घातलेली घ्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाल्याशिवाय नाव लिहू नये. रंग दिसला ते ठिकाण, पट्ट्याची रुंदी आणि वाऱ्याची दिशा लिहावी.

मासे मेलेले आढळले तर तिथीची वाट पाहू नये. पहिल्या तासात प्राणवायूची बाटली भरावी, कारण सूर्य वर आल्यावर आकडा सुधारू लागतो आणि पहाटेचा पुरावा नाहीसा होतो. पाणी मेलेल्या माशांच्या जागचे, तसेच प्रवाहाच्या वरच्या अंगाचे घ्यावे. अमोनिया, पीएच आणि क्षारता लगेच पाहावी. नुकतेच मेलेले, कल्ले अजून लाल असलेले चार-पाच मासे प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवावेत. फुगलेले मासे तपासणीला निरुपयोगी असतात. कोणत्या जातीचे मेले, तळाचे की वरचे, आणि खेकडे-कोळंबी काठाकडे चढत होती का, हे जाळे लावणाऱ्यांकडून त्याच दिवशी विचारून घ्यावे. बाटल्यांवर वेळ आणि भरतीची अवस्था लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवावे व प्रत्येक नमुन्याची अर्धी बाटली स्वतःकडे बर्फात राखून ठेवावी.